गोलात एकीचीच जागा

नारायणगाव,
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. सौ. धोंडाबाई हिला साळुबाईचे आशीर्वाद. ज्ञानेश्वर भाऊजींनाही सांग.

इकडे आम्ही आहोत तसे आहोत. थंडीनं तुझ्या भावजींचा गुडघा धरलाय आणि भावजींनी मला धरलंय, दिवसभर शेक दे म्हणतात. आमची सून आरती बरी आहे. तुमच्याकडं आळे गावात कांद्याची लागण चालू असणार, म्हणजे तुला पत्र वाचायला सवड नाही. तरी वाच. भाकरी खाता खाता वाच, पण वाच.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या लेकीकडून निरोप द्यावा तर हर्षाली म्हणते, "मोठी आई, तुम्हा दोघी जावांच्या मधे मला घालू नका." म्हणून तुमच्या गावाला खेपा करणाऱ्या पप्पूच्या जीपनं हे पत्र धाडतेय. सोबत डब्यात मासवडीची एक वळी आहे, शेंड्यासकट. शेंडा तुला आवडतो.

आता कामाचं लिहिते. हर्षालीनं आपल्या मासवडीची वेबसाइट काढलीय. तुला तिनं सांगितलं असेल किंवा नसेल. सांगितलं नसेल तर तिच्यावर ओरडू नको, माझ्यावर ओरड. पुण्यामुंबईच्या माणसानं घरबसल्या मोबाइलवर बघायचं, किती वळ्या पाहिजेत ते लिहायचं, की आरतीच्या फोनवर टुणकन् वाजतं. इथवर मला काही अडचण नव्हती. अडचण वरच्या पट्टीची आहे.

दुकानाच्या दारावर पाटी असते ना, तशी वेबसाइटच्या डोक्यावर एक पट्टी असते. तिला हेडर म्हणतात. त्या हेडरच्या डाव्या कोपऱ्यात लोगो बसवायचा. लोगो म्हणजे आपली खूण, बघणाऱ्यानं नाव वाचायच्या आधी ओळखावं अशी. हर्षालीच्या ऑफिसातल्या कुणी मुलानं पहिला लोगो करून दिला, त्यात मासा काढला होता. चांगला कल्ले-खवल्यांचा. मी म्हटलं, बाळा, मासवडी बेसनाची, त्यात मासा नसतो; हा बघून माळकरी गिऱ्हाईक दारातून पळून जाईल. तो काढला. मग माझ्या मागं लागली, की मोठी आई, तुमचा चेहराच लोगो करू.

तो फोटो तुला आठवेल. आपल्या मागच्या पडवीत पाटावर मासवडी वळायचं ओलं फडकं पसरलंय, त्याचं एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. तू कायतरी बोलतीयस आणि मी हसू दाबतीय. हर्षालीनं त्यातलं माझं तेवढं तोंड घेतलं, गोल कापलं आणि हेडरमध्ये चिकटवलं. मी विचारलं, "तुझी आई कुठं गेली?" तर म्हणते, "आईनं सांगितलंय, माझा फोटो कुठं लावायचा नाही. आणि गोलात एकच चेहरा बसतो. दोन घातले तर मोबाइलवर ज्वारीचे दाणे दिसतात."

बरं, तुला पुरतं घालवलं म्हणावं तर तेही नाही. त्या गोलात माझ्या हनुवटीशी दोन हिरव्या बांगड्या दिसतात. त्या तुझ्या. जग विचारतंय, आजीच्या गळ्याशी बांगड्या कशा.

मी म्हटलं, हे बदलायचं. हर्षालीला वेळ नाही. तिनं मला पासवर्ड दिला आणि म्हणाली, व्हिडिओ बघून करा. आता तुला ठाऊक आहे, माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, तर हेही शिकेन असं वाटलं. व्हिडिओतला मुलगा हिंदीत बोलतो. "बहुत आसान है" म्हणतो आणि असा पळतो, की मी चष्मा पुसेस्तोवर त्याचं झालेलं असतं. मी त्याला थांबवते, मागं नेते, परत पळवते. तुझे भावजी म्हणतात, "त्या पोराला जरा पानी तरी पाज."

पहिल्यांदा मी लोगो चढवला तो एवढा मोठा झाला, की वेबसाइट उघडली की आधी माझं नाक. खाली मासवडी कुठंतरी पायाशी. मग कळलं, तिथं एक रेघ असते आणि रेघेवर मणी. मणी डावीकडं सरकवला की लोगो लहान होतो. सरकवला, तर तीळ झाला. मग नाव दोनदा यायला लागलं, एकदा लोगोच्या आत आणि एकदा लोगोच्या शेजारी, शाळेत हजेरी घेतात तसं, साळुबाई, साळुबाई. ते कसंबसं एकदा केलं. कॉम्प्युटरवर बरं दिसलं म्हणून हुश्श केलं आणि आरतीच्या मोबाइलवर बघितलं, तर हेडर तिथं अरुंद होतो आणि गोल वरून कापला जातो. माझ्या डोक्यावरचा पदरच गेला. अख्ख्या महाराष्ट्रापुढं मी बोडक्या डोक्यानं. तुझ्या भावजींनी बघितलं आणि म्हणाले, "लई भारी. आता इलेक्शनला हुभी ऱ्हा."

तुला हसू येत असेल. येऊ दे.

चेहरा एक वेळ सोसला असता. पण त्याच्याखाली हर्षालीनं एक ओळ लिहिलीय: "चव न घेता अचूक चव देणारे हात." मी चाखून बघत नाही, नुसत्या अंदाजानं करते, असं लोक हल्ली कौतुकानं म्हणतात ना, तेच तिनं लिहिलं. मी म्हटलं, ही ओळ काढ. म्हणते, "मोठी आई, हीच तर आपली खासियत आहे." मला ती ओळ नको आहे. का नको, ते मला तिला सांगता येईना. नैवेद्याचं कुणी चाखत नाही, त्यात काय मोठं, असं काहीतरी बोलून फोन ठेवला.

बाकी ठीक. या वर्षी लसूण कसा निघालाय बघ, नुसता नावाचा लसूण. कोथिंबिरीलाही वास म्हणून नाही. तुमच्या मळ्यातली कशी आहे?

आळ्याच्या त्या लग्नाचा विषय मी काढणार नाही. तूही काढू नको. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, की लोगोत काय ठेवू ते कळव. तुझंही त्यात आहे म्हणून विचारते.

डबा पप्पूकडे दे.

तुझी,
साळुआक्का

•

नारायणगाव,
शनिवार, ७ डिसेंबर २०२४, चंपाषष्ठी

चि. सौ. धोंडाबाईस,

आशीर्वाद आहेतच, ते रागातही देते.

डबा परत आला. घासलेला, पुसलेला आणि रिकामा. अगं, तुझ्या माझ्या सासूनं आपल्याला घरात आणल्या दिवसापासून काय शिकवलं? शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, चार शेंगदाणे घाल, पण रिकामा नाही. मी पप्पूला विचारलं, "काही बोलली का?" तर म्हणतो, "मावशी, त्या कायबी बोलल्या न्हाईत. फकस्त म्हनल्या, घिऊन जा." मी विचारलं, पत्र वाचलं का? तर म्हणे, "ते कमरंला खोचून कांद्यात गेल्या." म्हणजे वाचलंयस. चिखल लागला असेल, पण वाचलंयस.

आज घरात भरीत-रोडगे केले. वांगी चुलीवर भाजली. घरभर वास सुटला असं तुझे भावजी म्हणाले.

वेबसाइटची कथा पुढं ऐक. ती खालची ओळ मी स्वतः काढली. कुठलं बटण ते शोधण्यात पूर्ण दुपार गेली, पण काढली. सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं, गेलेली. आनंदानं शेजारच्या चिमाबाईंना दाखवायला गेले, तर त्यांच्या फोनवर ती ओळ जशीच्या तशी. चिमाबाईंनी मोठ्यानं वाचलीसुद्धा आणि म्हणाल्या, "खरंय बाई, तुमचा हातच तसा." मी घरी येऊन परत काढली. परत त्यांच्याकडे गेले, परत आहेच. हर्षाली म्हणाली, त्यांच्या फोननं जुनं पान साठवून ठेवलंय, आपोआप जाईल. कधी? तर, जाईल. मी पुसायचं आणि लोकांना दिसत राहायचं, हा कुठला न्याय आहे?

आणि त्याच जुन्या पानावरून पहिली ऑर्डर आली. पुण्याच्या एका मास्तरबाईंची मोठी सहल घाटघरला येतेय, नाणेघाट बघायला. पुढच्या रविवारी, पंधरा तारखेला, जेवण तिथं पोचवायचं. मासवडी, रस्सा, भाकरी. खाली लिहिलंय, "लोगोतल्या आजींच्याच हातची हवी. आजी न चाखता करतात ते आम्हाला बघायचं आहे." आरतीनं मला वाचून दाखवलं आणि टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायला आत गेले.

धोंडे, दोन दिवस झाले, हे लिहायला बसते आणि ठेवून देते. आता लिहून टाकते. मला चव कळत नाही.

कोरोनाच्या त्या तापात गेली. अंगातला ताप गेला, खोकला गेला, भूक परत आली, पण जीभ आली नाही. वासही नाही. आधी वाटलं, मसालाच मुळमुळीत आहे. मग एक दिवस दूध उतू जाऊन, करपून, आरती अंगणातून धावत आली, आणि मी शेगडीच्या शेजारी बसून तांदूळ निवडत होते. तिला म्हटलं, डोळा लागला होता. गुपचूप डॉक्टरला दाखवलं. म्हणाला, येईल, किंवा येणारही नाही. त्यानंतर मी कुणालाच बोलले नाही. तुझ्या भावजींनाही नाही.

चाखायचं सोडलं. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, नैवेद्यासारखं करते, चाखत नाही. लोकांना ते आवडलं. आवडता आवडता त्याची कीर्ती झाली, आणि आता ती कीर्ती माझ्या हेडरमध्ये जाऊन बसलीय. लपायला आडोसा केला आणि लोकांनी त्यालाच तोरण बांधलं. मी काय करू सांग.

आळ्याच्या लग्नाचं काढणार नव्हते, पण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. तू वाढप्यांच्या समोर रश्श्याचा पळा तोंडाला लावलास आणि म्हणालीस, "आक्का, खारं पानी झालंय. जीभ कुठं ठिवून आलाय?" तू नेहमीसारखी बोललीस. तुला काय माहीत, तू कुठं बोट ठेवलंस. मला वाटलं, हिला कळलं. सगळ्यांच्या पुढं उघडं करते. म्हणून मी जे बोलले ते बोलले. तू पदर झटकून जीपमध्ये बसलीस, आणि तेव्हापासून दोन दिवाळ्या गेल्या.

रस्सा खारटच होता, असं नंतर सगळे म्हणाले. मी मीठ वाटीनं घालत होते. आपल्या जुन्या पितळी वाटीनं, सपाट भरून, एका पातेल्याला एक, तू नि मी कायम घालायचो तसं. तसंच घातलं होतं. मग खारट कसं झालं, ते आजवर मला कळलेलं नाही.

आता तूच सांग, मी कुणाला चाखायला देऊ. आरतीला दिलं तर म्हणते, "छान झालंय, आई." कच्चं दिलं तरी छान झालंय. सुनेला मीठ विचारून काय उपयोग. तुझ्या भावजींची ब्लड प्रेशरची गोळी चालू झाल्यापासून ते अळणी खातात, त्यांना सगळंच खारट लागतं. चिमाबाई प्रेमानं वाटीभर पितात आणि आणखी मागतात. या घरात, या आळीत, खरं बोलणारी एक जीभ नाही. एक होती, ती मी जीपमध्ये बसवून पाठवली.

हे वाचून तू हसणार असशील तर हस. गावात सांगणार असशील तर रविवार होऊ दे, मग सांग.

डबा परत धाडतेय. भरीत आणि रोडगा आहे.

साळुआक्का

•

नारायणगाव,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

प्रिय धोंडे,

डब्यात काहीतरी आहे हे मला पप्पूनं उतरवतानाच कळलं. खुळखुळ वाजत होता. उघडला तर वर्तमानपत्राची पुडी. पुडीत मीठ. चिठ्ठी नाही, निरोप नाही, मीठ.

तुझे भावजी डोकावले आणि म्हणाले, "मीठ धाडलंय? म्हंजी भांडन मिटलं का वाढलं?"

मला आधी राग आला. म्हटलं, माझी जीभ गेली हे लिहून कळवलं, तर ही मला मीठ चोळायला धाडते. पुडी तशीच फडताळात टाकली आणि मी मोबाइल घेऊन बसले. पण डोकं ठिकाणावर येईना. परत उठले, पुडी उघडली, बोटानं चाचपलं. खडे होते. मोठ्ठे, ओबडधोबड, जाड मीठ.

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. आपली वाटी खड्याच्या मिठाची. तू नि मी वाटीनं मोजायचो तेव्हा घरात जाडं मीठ असायचं. आरती आल्यापासून पिशवीतलं बारीक मीठ येतं. खडे वाटीत फटी ठेवून बसतात, बारीक मीठ गच्च बसतं. तीच वाटी, तेवढीच सपाट, आणि मीठ कितीतरी जास्त. घरच्या थोडक्या रश्श्याला मी चिमटीनं घालते, म्हणून तिथं कधी कळलं नाही. आळ्याच्या लग्नात माझ्या हाताचं काही चुकलं नव्हतं, वाटीचंही नव्हतं. चव असती तर पहिल्या घोटाला कळलं असतं.

तू माझं मागचं पत्र वाचता वाचता हे ओळखलंस. आणि लिहायचं सोडून पुडी बांधलीस. तुझं हे मला आधीपासून सहन होत नाही.

आणखी एक माझ्या लक्षात आलं. मीठ कुणाच्या हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. तू पुडी पप्पूच्या हातावर ठेवली नाहीस. डब्यात घालून, झाकण लावून दिलीस. पप्पूला मी विचारलं, तर म्हणाला, "मावशी, मला म्हनल्या, झाकान उघडायचं न्हाई, नायतर तंगडं मोडीन." भांडण वाढवणारी बाई एवढी काळजी घेत नाही.

आता लोगोचं. काल दुपारी मी तो आपला फोटो परत उघडला, पुरा, न कापलेला. लोगो घालताना वेबसाइट आपल्याला एक गोल देते, तो बोटानं फोटोवर सरकवायचा. जिथं ठेवू तेवढंच राहतं, बाकीचं जातं. मी गोल माझ्यावर ठेवला, तू गेलीस. तुझ्यावर ठेवला, मी गेले, आणि माझा अंगठा तुझ्या कानाशी आला. मोठा करून दोघींना घेतलं, तर खरंच ज्वारीचे दाणे. मणी इकडं, मणी तिकडं. मी एवढी कावले की मोबाइल पाटावर आपटला. आरती म्हणाली, "आई, राहू द्या, मासाच घालू." त्या माशावर ही पोरं मरेस्तोवर अडून बसणार.

मोबाइल उचलला तर गोल आपला आपण मधोमध येऊन बसलेला. आपटल्यानं असेल, बोट लागलं असेल. त्यात ना तू, ना मी. ओलं फडकं आणि चार हात. तुझ्या बांगड्या, माझ्या मनगटावरची गोंदणाची तुळस. तुझ्या डाव्या हातावरचा तो भाजल्याचा डागसुद्धा दिसतो, कढई उचलायला मीच तुला फडकं द्यायला उशीर केला होता तो. पदराचा प्रश्न नाही, नाकाचा नाही, गळ्याशी बांगड्या कशा हेही कुणी विचारणार नाही.

हर्षालीला धाडलं. तिनं फोन केला. ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "मोबाइलवर फार लहान दिसेल, मोठी आई. कुणाचे हात आहेत ते ओळखू येणार नाही."

मी म्हटलं, "ओळखणाऱ्याला येईल."

"आणि आईला विचारलंत का?"

"तेच तर विचारायचं आहे."

"मग ती हो म्हणेपर्यंत पब्लिश करू नका," म्हणाली. तुझीच लेक. पैशाइतकंही इकडंतिकडं नाही.

तर ते चार हात सगळ्यांना दाखवायचं पब्लिशचं बटण मी दाबलेलं नाही. माझा चेहरा काढून टाकला, ते मात्र केलं. आता हेडरच्या डाव्या कोपऱ्यात मोकळी जागा आहे. हर्षाली म्हणते, वेबसाइट मोडल्यासारखी दिसते. दिसू दे. चार हात तिथं जायचे असतील तर दोन नुसते फोटोतले चालणार नाहीत. मास्तरबाईंना मी स्वतः फोन लावला आणि सांगितलं, करणारी मी आहे, चाखणारी दुसरी आहे, दोघींच्यात होत असेल तर घ्या, नाहीतर सोडा. बाई हसल्या, म्हणाल्या, "चालेल की आजी, पण चाखणाऱ्या आजी येणार आहेत ना?" मी म्हटलं, रविवारी कळेल.

घरात कालच सांगितलं, जेवताना. आरती रडायला लागली, म्हणाली, मला का नाही सांगितलं. तुझ्या भावजींनी भाकरी कुस्करली. मग म्हणाले, "म्हंजी मी गेल्या दिवाळीला चकल्या कडक म्हनलो त्याचा राग न्हाई ना आला?" मी म्हटलं, कडक चवीनं कळत नाही, दातानं कळतं, आणि राग आला होता.

मनावरचं ओझं बरंच उतरलंय. तरी एक आहेच. रविवारी पहाटे बेसन शिजवायला मी बसेन, सारण मी करीन, वळ्याही वळीन. पण रश्श्याचा पळा तोंडाशी नेऊन "आक्का, हे काय केलंय" असं कुणीतरी म्हटल्याशिवाय ते पातेलं घाटघरला चढवायचा मला धीर नाही. गोड बोलणारी मला नको. चार लोकांच्या देखत बोलणारीच पाहिजे.

आज डब्यात रस्सा धाडतेय. नमुन्याचा आहे. चाखून बघ. मीठ बरोबर असेल तर डबा रिकामा परत धाड. या खेपेला मी मनाला लावून घेणार नाही, मला कळेल की तुझ्यावाचून जमतं, आणि त्या कोपऱ्यात मी मुकाट्यानं मासा बसवीन. मीठ चुकलं असेल तर डबा पप्पूकडे देऊ नको. तूच घेऊन ये. शनिवारी संध्याकाळी आलीस तर पहाटे दोघींना फडकं पिळायला बरं पडेल. पडवीत तुझी गोधडी उन्हात टाकून ठेवलीय.

तू धाडलेलं मीठ मी पितळी वाटीशेजारी ठेवलंय. अजून त्यातला एक खडा कशातही घातलेला नाही. आजच्या रश्श्यात दुसरंही मीठ घातलेलं नाही.

वाट बघते.

तुझी अळणी
आक्का